पाच किलो वाढलं म्हणून मीच शाबासकी दिली होती

नऊ तारीख म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रात जत्रा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. व्हरांड्यात गरोदर बाया, त्यांच्या सासवा, काखेतली पोरं. मी एएनएम, म्हणजे केंद्रातली नर्स, वजनकाट्यापाशी. एकीला चपला काढायला सांगायचं, दुसरीला हातातली पिशवी खाली ठेवायला, आणि काट्याची सुई शून्यावर आहे का ते मधूनमधून बघायचं.

त्या दिवशी जी आली, तिच्यामागे मी पाच महिने लागले होते. तिसऱ्या महिन्यात नोंदणी केली तेव्हा वजन 41 किलो. सहाव्यात 43, सातव्यात जेमतेम 44. चौथ्या महिन्यापासून दरमहा साधारण दोन किलो वाढायला हवं, आणि अंगाने इतकी बारीक असलेल्या बाईचं तर जास्तच. सासूचं म्हणणं ठरलेलं, "सिस्टर, लई खाल्लं तर पोर पोटात माजतं, मग सिझर होतं." हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मी म्हणायचे, "मावशी, पोर माजत नाही. आई झिजते." नागलीची भाकरी, वरण, शेंगदाण्याचा लाडू, अंगणवाडीत मिळणारं अंडं, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायचं नाही, एवढंच माझं मागणं.

आठव्या महिन्यात ती काट्यावर उभी राहिली आणि सुई 49 वर गेली.

पाच किलो! एका महिन्यात! मी खूश. सासू माझ्याहून खूश, "बघा, लाडू करून घातले. तोंडावर कसं बाळसं आलंय!" मी कार्डावर आकडा लिहिला आणि "शाब्बास मावशी" म्हणून मोकळी झाले. पुढचीला हाक मारली.

ती काट्यावरून उतरली, पण चप्पल पायात जाईना. टाच बाहेरच. मी सहज खाली पाहिलं. जोडवी बोटात रुतली होती. दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं आणि मधे चांदीची नुसती रेघ. नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला, तर खळगा तसाच राहिला.

"बांगड्या निघतात का गं?"

"नाय. सकाळी तर मूठपण वळत नाय. डोकं दुखतं चार दिसांपासून."

माझ्या पोटात गोळा आला. महिन्याला तीन किलोच्या वर वजन वाढलं की प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून अंगात पाणी साठतं त्या आजाराचा, संशय घ्यायचा, हे प्रशिक्षणात पाठ केलेलं. आणि मी शाब्बास म्हणाले होते! बीपी 160/110. पाच मिनिटांनी परत घेतलं, तेवढंच. लघवी तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून जुन्या पद्धतीने लघवीची परीक्षानळी दिव्यावर धरली. वरच्या भागात पांढरा ढग जमला. अॅसेटिक अॅसिडचे थेंब टाकले तरी विरला नाही. प्रथिनं जात होती. ते बाळसं नव्हतं, पाणी होतं.

डॉक्टरांनी झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट सांगितलं. दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम. हे इंजेक्शन फार दुखतं, पण झटके आले तर आई आणि बाळ दोघांवरही बेततं. बीपीचं औषध दिलं, गाडी बोलावली. तोवर साबण लावून जोडवी सोडवत बसले. एक निघालं, दुसरं वाकवून काढावं लागलं. सासूने दोन्ही पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाली, "माझ्या लाडवांनीच झालं का हे?"

नाही, म्हटलं. लाडवाने बीपी वाढत नाही. हे मात्र तिला तीनदा सांगितलं, कारण एकदा त्या बाईच्या मनात बसलं असतं, तर पुढे अख्ख्या वाडीने लाडू बंद केले असते.

जिल्हा रुग्णालयात तिला दोन आठवडे ठेवून घेतलं आणि मग बाळंत केलं. मुलगी, 1 किलो 800 ग्रॅम. काही दिवस काचेच्या पेटीत, मग आईच्या छातीशी.

बेचाळीस दिवसांनी तपासणीला आली. बीपी उतरलेलं. काट्यावर 42. सासू वाकून आकडा बघत राहिली.

"तेव्हढं सगळं पाणीच होतं?"

"थोडं बाळ, थोडं वार, आणि बरंचसं पाणी."

"म्हंजे हिच्या अंगाला काय लागलंच नाय की."

मी काहीच बोलले नाही. तिने पदराची गाठ सोडली, वाकडं झालेलं जोडवं काढून सुनेपुढे धरलं. "सोनाराकडनं नीट करून आणायचं राहिलं," म्हणाली, आणि मग मला, "लाडू आता किती द्यायचे रोजचे?"