मानेवरची 13 सेंटीमीटर पट्टी

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. आमच्याकडे येणाऱ्या एका काकांच्या मशीनच्या रिपोर्टमध्ये रात्री साडेदहा ते साडेबारा लीकची, म्हणजे मास्कमधून निसटणाऱ्या हवेची, रेषा सपाट शून्यावर होती. मी तिथंच थांबायला हवं होतं. सीपॅप लावून झोपलेल्या माणसाचा लीक सलग दोन तास इतका सपाट शून्य सहसा राहत नाही. कूस बदलली, गिळलं, नाक खाजवलं की रेषा थोडी तरी थरथरते. पण साडेबारानंतर तीच रेषा मिनिटाला 48 लिटरवर चढली होती आणि सगळ्यांचे डोळे त्या उंच भागावर खिळले होते. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सरासऱ्यांचं पहिलं पान पाहिलं, मशीन लावूनही उरलेला एएचआय, म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रसंग, 17 आहे म्हणाले आणि वरचं प्रेशर 15 वरून 18 करायला सांगितलं. आमच्याकडच्या नव्या मुलाने मास्क एक साइज मोठा द्यायचं सुचवलं. दोन्ही उपाय चुकीचे होते. काकांनी पिशवीतून मास्क काढला नसता तर ते दोन्ही झाले असते.

बहुतेक लोक फक्त मशीनचं कार्ड घेऊन येतात. मास्क घरी ठेवतात, मळलेला दाखवायची लाज वाटते म्हणून. काकांनी मात्र तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, रागावू नका, थोडं शिवणकाम केलंय."

मूळ तपासणीत त्यांचा एएचआय 46 होता. 5 च्या आत असेल तर ठीक, 30 च्या पुढे गेला की आजार तीव्र. ऑटो मशीन, म्हणजे गरजेनुसार प्रेशर स्वतः बदलणारं, प्रेशर 8 ते 15 सेंटीमीटर पाण्याचं. झोपेत तोंड उघडं पडतं म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क. तो डोक्याला धरून ठेवणाऱ्या हेडगिअरला चार पट्टे असतात. दोन कानांच्या वरून जातात, दोन खालून, आणि चारही मागच्या रुंद पाटीला मिळतात. शिवाय टाळूवरून एक.

काकांनी चार गोष्टी केल्या होत्या. गालांवरच्या पट्ट्यांना फ्लीसच्या नळ्या. खालचे दोन पट्टे मधोमध कापून त्यात मऊ इलॅस्टिक. मानेवर एक जादा आडवी पट्टी. आणि मास्कच्या पुढच्या एल्बोवर, म्हणजे नळी जोडणाऱ्या वाकड्या सांध्यावर, फ्लीसची छोटी टोपी, बाळाच्या टोपीसारखी, नाडीसकट.

ती टोपी मी बोलण्याआधीच काढली. एल्बोवरची बारीक भोकं म्हणजे व्हेंट. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. प्रेशर 8 असताना त्यातून मिनिटाला साधारण तीसेक लिटर हवा निघते, मास्कनुसार थोडी कमी-जास्त. ती अडली की कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच घुटमळतो आणि तोच परत आत ओढला जातो. शिवाय फुल फेस मास्कमध्ये त्याच भागात एक झडप असते. वीज गेली किंवा मशीन बंद पडलं की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येऊ देते. तिच्यावर कापड चालत नाही, पातळसुद्धा नाही. काकांचं कारण साधं होतं. हवेचा झोत शेजारी झोपणाऱ्या काकूंच्या मानेवर यायचा. यासाठी पसरट व्हेंटचे मास्क मिळतात, ज्यात झोत एका रेषेत न जाता विखुरतो. हे त्यांना आधीच सांगणं आमचं काम होतं. मशीन देताना आवाज आणि झोत याबद्दल आम्ही किती बोलतो? दोन वाक्यं.

शून्याचं कोडंही टोपीनेच सोडवलं. मशीन लीक थेट मोजत नाही, वजाबाकी करतं. सेटिंगमध्ये निवडलेल्या मास्कच्या व्हेंटमधून त्या प्रेशरला किती हवा जायला हवी हे त्याला ठाऊक असतं. एकूण प्रवाहातून ते तेवढं वजा करतं आणि उरेल त्याला लीक म्हणतं. व्हेंट अर्धा बुजला की एकूण प्रवाहच घटतो आणि हनुवटीजवळून दहा-बारा लिटर निसटत असले तरी पडद्यावर शून्य दिसतं. झोपेत टोपी सरकली असेल किंवा प्रेशर वाढून गळती फार झाली असेल, तेव्हा खरा आकडा उघडा पडला. अतिशय चांगला रिपोर्ट हीदेखील तक्रारच समजावी, हे मी नव्या लोकांना सांगते आणि स्वतःच विसरले होते.

आता इलॅस्टिक. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिची कारणमीमांसा तोंडपाठ आहे. 1 सेंटीमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 1 ग्रॅमचा रेटा. फुल फेस मास्कच्या कुशनच्या, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ कडेच्या, आतला भाग साधारण 60 चौरस सेंटीमीटर धरा. प्रेशर 8 असताना हवा मास्कला 480 ग्रॅमने चेहऱ्यापासून ढकलते, 15 ला 900 ग्रॅमने. चारही पट्ट्यांनी मिळून एवढंच पेलायचं असतं, वर नळीची ओढ. किलोभराचंही काम नाही, आणि लोक घोड्याचा तंग आवळावा तसे पट्टे आवळतात. कुशनची आतली पातळ पाकळी हवेनं फुगून गालाला चिकटते, सील ती धरते. ती चेपली की फुगत नाही आणि लीक वाढतो. मग माणूस आणखी आवळतो.

पट्ट्याला थोडा ताण हवा, पण फार नको. काकांचं इलॅस्टिक आणि मूळ पट्टा, दोन्हींचे 20 सेंटीमीटरचे तुकडे मी टांगले आणि खाली अर्ध्या लिटरची भरलेली बाटली बांधली. मूळ पट्टा दीड सेंटीमीटर लांबला, इलॅस्टिक सात. म्हणजे झोप लागताना 8 वर सगळं मखमली. मध्यरात्रीनंतर मशीन 14 वर गेलं की खालचे पट्टे लांबतात, मास्क हनुवटीपाशी उचलला जातो आणि हवा ओठांच्या कोपऱ्यातून फुर्र. काका अर्धवट जागे होऊन वरचे पट्टे आवळायचे, कारण अंधारात हाताला तेच लागतात. त्याची किंमत नाकाच्या दांड्याने दिली. तिथं लाल डाग होता. त्यावर बोट दाबून सोडलं की तो पांढरा पडून परत लाल व्हायला हवा. दाबूनही लालच राहिला तर त्वचेखाली इजा सुरू झाली असं धरतात. काकांचा पांढरा होत होता. थोडक्यात वाचले.

मानेवरच्या पट्टीकडे मात्र मी बराच वेळ बघत राहिले.

कवटीच्या मागे, मध्यभागी, हाडाचा एक उंचवटा असतो. हेडगिअरची पाटी त्याच्या खाली बसली तर तो उंचवटा खुंटीसारखा तिला अडवून धरतो. काकांची कवटी मागे चपटी, केस विरळ, उंचवटा खाली. मीडियमची पाटी त्यावर चढायची, लार्ज सैल पडायची. पाटी दोन सेंटीमीटर वर सरकली की खालच्या पट्ट्यांची ओढ मागे न राहता तिरकी वर जाते, कानाची पाळी घासते आणि हनुवटीकडची कड सुटते. त्यात बहुतेक लोक सरकणारी पाटी सावरायला टाळूचा पट्टा आवळतात. तो पाटीला वरच ओढतो. खरं तर तो सैल करायचा असतो.

काकांनी जुन्या हेडगिअरचा 13 सेंटीमीटर लांब, अडीच सेंटीमीटर रुंद तुकडा घेतला होता आणि खालच्या डाव्या-उजव्या पट्ट्यांना मानेवर, पाटीच्या खालच्या कडेपासून दोन सेंटीमीटर खाली, जोडला होता. उंचवट्याच्या बरोबर खाली. आधी दोऱ्याने माप घेतलं, मग नुसत्या व्हेल्क्रोने तीन रात्री लावून पाहिलं, मग शिवलं. टाके बाहेरच्या बाजूला, टोकं गोल कापलेली, गाठ मानेला लागणार नाही अशी. तुकडा त्याच कापडाचा असल्यामुळे ताणही तेवढाच. पाटी हलायची बंद झाली होती. मी मान पुढे-मागे करायला लावली, उशीवर डोकं घासायला लावलं. जागची हलली नाही.

हे मला सुचलं नव्हतं. रोज मास्क लावून देते तरी.

फ्लीसच्या नळ्यांमध्ये एकच दोष होता. पट्ट्याच्या टोकाची व्हेल्क्रोची काटेरी बाजू मूळ कापडावरच्या बारीक फासांत अडकते. नळी तिथपर्यंत आली की काट्यांत फ्लीसचा पिंजलेला धागा भरतो आणि आठवड्याभरात पकड जाते. त्यामुळे काटा जिथं चिकटतो त्या जागेपासून नळी निदान तीन सेंटीमीटर दूर हवी. दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्याला साडेसहा सेंटीमीटर रुंद कापड पुरतं, शिवण गालापासून बाहेर. नळी शिवून टाकू नये, धुवायला निघाली पाहिजे. काट्यांत अडकलेला धागा जुन्या टूथब्रशने निघतो. हेडगिअर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवावं, व्हेल्क्रो बंद करून, आणि सावलीत वाळवावं. कपडे मऊ करणारं द्रव वापरलं तर काटे घसरतात.

त्या दिवशी इलॅस्टिक काढलं, खालचे पट्टे अखंड लावले, मानेवरची पट्टी त्यावर बसवली. नळी डोक्यावरून पलंगाच्या मागे घेतली, म्हणजे कूस बदलताना ती एल्बोला खाली ओढत नाही. मास्क बसवला तो काकांना आडवं करून, कारण आडवं झालं की गाल मागे आणि बाजूला उतरतात, बसून केलेलं माप खोटं ठरतं. आणि 15 प्रेशरवर. कमी प्रेशरला कुठलाही मास्क बसतो. आधी खालचे पट्टे लावले, वरचे नंतर, नाकावर कुशन फक्त टेकेल इतके. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे.

दहा दिवसांनी उरलेला एएचआय 3.8, आणि 95 टक्के वेळ लीक 11 लिटरच्या आत. आमच्या मशीनवर 24 च्या पुढे लाल खूण येते. प्रेशर 18 करायची गरज पडली नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा, मास्क नीट बसला की झालं." मी मान हलवली.

मग फाइल भरायची वेळ आली. फॉर्मवर रकाना आहे: मास्कमध्ये बदल, आहे की नाही. माहितीपुस्तिकेत बदल करू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि टोपी पाहिल्यावर का लिहितात तेही कळतं. एकाने घरचेच चुंबक बकलांना चिकटवले होते, पेसमेकर असताना. मास्कमधलं चुंबक अशा उपकरणापासून निदान 15 सेंटीमीटर लांब ठेवायचं असतं. त्यांना कुणी ते सांगितलेलं नव्हतं. पण 1980 मध्ये डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत या आजारासाठी पहिल्यांदा सीपॅप वापरला, आणि सुरुवातीच्या वर्षांत मास्क माणसागणिक घडवून रोज रात्री सिलिकॉनने नाकावर चिकटवत असत. हा धंदा सुरूच झाला एकेका चेहऱ्याच्या मापाने. मी "आहे" वर खूण केली आणि खाली पट्टीची लांबी, रुंदी, जागा लिहिली. फाइल परत आली. शेऱ्यात एवढंच होतं: मूळ हेडगिअर द्यावं.

काकांना नवं हेडगिअर दिलं. त्यांनी ते घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि जुनी पट्टी खिशात घातली. मी पाहिलं.

काल एक ताई आल्या होत्या. तीच चपटी कवटी, पाटी तशीच वर चढलेली, कानामागे घासलेलं. मी टाळूचा पट्टा सैल केला, खालचे थोडे घट्ट केले, आणि पुढे काही बोलले नाही. दोन रात्रींत ती पाटी परत वर येणार आहे.