मॅडम, तुमचे किती फेल गेले?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. मी भूजलाचं काम करते, म्हणजे एका छोट्या संस्थेत जिऑलॉजिस्ट आहे, गावोगाव फिरून विहिरींची पातळी मोजायची, दगड बघायचे आणि बोअर कुठे घ्यावा, कुठे घेऊ नये ते सांगायचं. बऱ्याचदा "इथे घेऊ नका" हेच सांगावं लागतं, आणि ते ऐकायला कुणीच बोलावलेलं नसतं.

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या पठारावरचं गाव. तिथल्या एका आबांनी फोन केला होता. दोनशे मोसंबीची झाडं वाळत चाललेली, 5 बोअर फेल गेलेले, सहावा मारायचा होता. शेवटचा तर 500 फुटांवर नेला आणि नुसता धुरळा निघाला. गाडीवाले तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडूकडचे, ते फुटावर पैसे घेतात, पाणी लागो न लागो. पाचही बोअरचं कर्ज अजून डोक्यावर होतं. मी पोचले तर आबांनी पाणाड्यालाही बोलावून ठेवलेलं. आबा म्हणाले, "दोघं बी सांगा, एकाच जागेवर दोघांचं जुळलं की गाडी बोलावतो."

पाणाडे अण्णा सत्तरीच्या पुढचे, धोतर, पांढरी टोपी, एक रुपया घेत नाहीत, फक्त नारळ. तो नारळ तळहातावर आडवा धरून चालायचं, खाली पाणी असलं की तो उभा राहतो. आणि खरंच राहिला, मी दोन हातांवरून बघत होते, अण्णा मुद्दाम काही करत नव्हते हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तीन जागी उभा राहिला, तिन्ही जागी फक्कीची खूण केली.

मग मी माझं मशीन काढलं. रेझिस्टिव्हिटी मीटर, चार सळया जमिनीत ठोकायच्या, करंट सोडायचा, खालचा खडक किती विरोध करतो ते बघायचं. आपल्या महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थरावर थर साचलेले. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, झिजलेला, मुरमाड, त्यात पाणी राहतं, आणि खाली घट्ट काळा पाषाण, त्याला भेग नसेल तर पाण्याला जागाच नाही. म्हणून इथे खोल गेलं की पाणी लागतंच असं काही नसतं. 2009 च्या भूजल कायद्यातसुद्धा 60 मीटरच्या पुढची विहीर ती 'खोल विहीर' धरलीये, म्हणजे साधारण 200 फूट, आणि लोक मारतात 500, 700. आबांच्या रानात 40 फुटांखाली सरळ पाषाण दाखवत होता, तिन्ही खुणांवर.

मी तसं सांगितलं तर एक पोरगा म्हणाला, "तुमचं मशीन म्हणजे बॅटरीवरचा नारळच की!" सगळे हसले. मला उत्तर सुचलं नाही, कारण त्या पोरांच्या जागेवरून बघितलं तर दोन्हीकडे एक माणूस शेतात चालतो आणि काहीतरी आकडा नाहीतर खूण देतो, त्यांनी फरक कशावरून ओळखायचा? मी ग्राफ दाखवला असता तर तोही त्यांना नारळासारखाच विश्वासानेच घ्यावा लागला असता.

म्हणून मी अण्णांनाच विचारलं, अण्णा, डोळ्याला पंचा बांधून परत एकदा फिराल का, तुमच्याच नातवाचा हात धरून? मनात भीती होती की म्हातारा चिडेल, आणि ते बरोबरही झालं असतं. पण ते लगेच तयार झाले, म्हणाले नारळाला कुठं डोळे असतेत. नातवाने त्यांना आडवंतिडवं फिरवलं, पोरं श्वास रोखून बघत होती. नारळ चार जागी उभा राहिला. एकही जागा आधीच्या खुणेवर नव्हती, आणि एका खुणेवरून तर ते दोनदा गेले, नारळ आडवाच.

कुणी हसलं नाही, आणि त्याबद्दल त्या गावाचं मला फार वाटतं. अण्णा बांधावर बसले. मी त्यांना फॅरेडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 1853 मध्ये लंडनमध्ये टेबलावर हात ठेवून बसलं की टेबल आपोआप फिरतं असं लोक म्हणायचे, फॅरेडेने हात आणि टेबलाच्या मध्ये पुठ्ठ्याचे थर नरम चिकटवून ठेवले आणि सरकलेल्या थरांवरून दाखवलं की आधी हात ढकलतात, टेबल मागून जातं. ती माणसं लबाड नव्हती, आपला हात हलतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. अण्णा बराच वेळ हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "डोळे उघडे असले की रान दिसतंय ना बाई. उंबर कुठंय, वारूळ कुठंय, उतार कुठं जिरतोय. ते दिसल्यावर हात उचलत असंल." वराहमिहिर या प्राचीन ज्योतिषाच्या बृहत्संहिता ग्रंथात झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखायचं अख्खं प्रकरण आहे. अण्णांनी ते वाचलेलं नाही, पण साठ वर्षं रान बघितलंय.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही गावातल्या सगळ्या बोअरची यादी केली, पोरांनीच केली खरं तर, प्रत्येकाला विचारून. आधी सगळे एकच सांगत होते, शिंद्यांच्या बोअरला अण्णांनी सांगितल्या जागी तीन इंची पाणी लागलं. यादीत निघाले 34 बोअर. मे महिन्यात चालू 11. अण्णांनी दाखवलेले 19, त्यातले चालू 6. ज्यांनी कुणालाच न विचारता घराजवळ, नाहीतर लाइटच्या खांबाजवळ घेतले असे 15, त्यातले चालू 5. म्हणजे दोन्हीकडे साधारण तीनात एक. पोरांनी नकाशावर ठिपके दिले तर चालू 11 पैकी 9 ओढ्याच्या कडेच्या पट्ट्यात. आबा किती वेळ त्या नकाशाकडेच बघत होते. त्यांचे पाचही ठिपके वर माळाच्या बाजूला.

मला वाटलं आजचं काम झालं. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या काकू, आबांची बायको, दिवसभर चहा देण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "अण्णाचे मोजले ते झ्याक झालं. मॅडम, तुमचे किती फेल गेले?"

माझ्याकडे आकडा नव्हता. अडीच वर्षं हे काम करतेय आणि आकडा नव्हता. मी तसंच सांगितलं, मोजलेलं नाही कधी. काकू "बरं" म्हणाल्या आणि कप उचलायला लागल्या.

रात्री घरी येऊन रजिस्टर काढलं. आम्ही 26 जणांना "बोअर घ्या" म्हणून जागा दिलेल्या. पुढे काय झालं ते फक्त 9 जणांचं लिहिलेलं, त्यातल्या 8 जणांना पाणी लागलं होतं. इतकं चांगलं कसं? कारण पाणी लागलं की लोक फोन करतात, पेढे घेऊन येतात, आणि फेल गेलेला माणूस कशाला फोन करेल. म्हणजे गावाने अण्णांचा शिंद्यांचा बोअर लक्षात ठेवला तसेच मीही माझे पेढेवाले लक्षात ठेवले होते. माझ्याकडे डिग्री असून.

उरलेल्या 17 जणांना फोन लावायला आठवडा गेला. 5 जणांचा फोन लागलाच नाही, 5 जणांनी पैशाअभावी बोअर घेतलाच नव्हता, 7 जणांनी घेतला, त्यातले 4 फेल. एका दादांनी शिव्या दिल्या नाहीत, नुसतं म्हणाले, "आता विचारताय व्हय." दोघांच्या जागेचे जुने ग्राफ परत बघितले तर दिसलं की काळी ओली चिकणमाती पण मीटरवर पाण्यासारखाच कमी विरोध दाखवते, आणि मी तिला पाणी समजले होते. ते आधी कळलं असतं तर ते दोन बोअर वाचले असते.

आबांनी सहावा बोअर मारला नाही. ओढ्याकडेला त्यांच्या भावकीची जुनी सामाईक विहीर आहे, निम्मी गाळाने भरलेली, ती उपसून 8 फूट खाली न्यायची असं ठरलं. मी आधीच कागदावर लिहून दिलं, मला किती फुटांवर मुरूम लागेल असं वाटतं आणि किती पाणी, खाली सही आणि तारीख, आणि तो कागद आबांकडेच ठेवला.

मग काकूंना फोन केला. म्हणलं, काकू, मोजले. 16 बोअर, 5 फेल.

काकू जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मग आमची विहीर सतरावी लिव्हा. पाणी लागू दे न्हाई तर न लागू दे, लिव्हा."