सिंगल हँड, डॉक्टरची गाडी

"मला गाडी नको रे, मला फक्त भिजायचं नाही," आई म्हणाली. जुलै होता. आम्ही दवाखान्याबाहेर पत्र्याच्या शेडखाली उभे होतो आणि येणारी प्रत्येक रिक्षा भरलेली होती. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून आईला स्कूटरवर मागे बसता येत नाही. त्या रात्री बायकोनं भिशीचे आणि मी मोडलेल्या एफडीचे पैसे एकत्र मांडले. २ लाख झाले. सगळे मिळून, पुढेमागे काही नाही, असे २ लाख.

आमच्या घराण्याला गाडी नवीन असली तरी गाडीचे भाव नवीन नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती ४७,५०० रुपयांना, हा आकडा बाबांना शेवटपर्यंत पाठ होता. "तेव्हाच घ्यायला हवी होती," असं ते दर दिवाळीला म्हणायचे. तेव्हा त्यांच्या खात्यावर ४७५ रुपयेही नसत, हा भाग वेगळा. पुढे २००९ मध्ये नॅनो रस्त्यावर आली. लाखाची गाडी म्हणून जगभर गाजली, बाबांच्या हिशेबात प्रथमच बसली, आणि बाबांनी ती घेतली नाही. "लोक म्हणतील, हीच परवडली वाटतं." मला वाटतं, त्या बिचाऱ्या गाडीचं सगळं दुखणं बाबांच्या या एका वाक्यात आहे. माणसाला स्वस्त गाडी नको असते, गाडी स्वस्तात हवी असते.

आमचा शोध चालू असतानाच, सप्टेंबर २०२५ मध्ये, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. स्टाफरूममध्ये ज्याला त्याला माझ्या नव्या गाडीचे हप्ते मांडून दाखवायचा छंद जडला. पण घराचा हप्ता, मुलीची फी आणि त्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता, हे माझ्या पगाराला झेपणारं नव्हतं. जुनीच घ्यायची ठरली. मग मी मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री म्हणजे आमच्या सांगलीत कुपवाड रस्त्यावर दोन गाळ्यांचं गॅरेज असलेले गृहस्थ. माझी स्कूटर त्यांनीच इतकी वर्षं जिवंत ठेवली आहे. मी त्यांना विचारलं, कुठली गाडी सगळ्यात भरवशाची? त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. "रविवारी संध्याकाळी पलूसला क्लच वायर तुटली, तर जी वायर तिथल्या तिथं मिळंल ती गाडी भरवशाची. बाकी जाहिराती वाचायच्या असतात, सर." हा निकष लावला की बाजारातल्या निम्म्या देखण्या गाड्या आपोआप गळतात. उरतात अल्टो, वॅगनआर, जुनी सँट्रो आणि त्यांचे भाऊबंद. मिस्त्रींचा कौल वॅगनआरला. २०१० नंतरची घ्या, म्हणाले. हजार सीसीचं इंजिन आहे, आत टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायचा खर्च नाही. शिवाय छत उंच आणि सीट उंच. "आईंना वाकावं लागणार नाही. खुर्चीत बसल्यागत बसतील." इतक्या वेळात आईच्या गुडघ्यांचा विचार गाडीच्या अंगानं करणारे ते पहिलेच.

आणखी एक नियम त्यांनी घालून दिला: २ लाख आहेत ना, मग गाडी पावणेदोनची बघायची. वरचे पंचवीस हजार आपले नाहीत, ते टायर, बॅटरी आणि कागदांचे.

जुनी गाडी बघणं म्हणजे स्थळ बघणं, असं सगळेच म्हणतात. मला ते पटत नव्हतं. स्थळात निदान समोरचाही आपल्याला बघत असतो. इथं समोरचा फक्त आपलं पाकीट बघतो. पहिली गाडी मिरज रस्त्यावरच्या एका एजंटाकडे बघितली. चकचकीत पांढरी. "सिंगल हँड आहे, डॉक्टरची गाडी." सिंगल हँड म्हणजे एकाच मालकाच्या हातची. मिरजेत डॉक्टर पुष्कळ आहेत, मान्य. शंभर वर्षांहून जुनी दवाखान्यांची परंपरा आहे गावाला. पण विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच कशी असते, आणि एकाही मास्तराची, कंत्राटदाराची कशी नसते? मीटरवर ४२ हजार किलोमीटर होते. मिस्त्री मीटरकडे बघतच नव्हते. ते खाली वाकून पायाशी बघत होते. ब्रेकच्या पेडलचं रबर एका बाजूनं झिजून आतलं लोखंड दिसत होतं, आणि स्टिअरिंग तर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालेलं. "डॉक्टर लई व्हिजिटला जात असणार," मिस्त्री म्हणाले आणि चालू लागले.

दुसरी गाडी एका तरुणाची होती. सभ्य, नव्यानं लग्न झालेला, मोठी गाडी घ्यायची म्हणून ही काढत होता. इंजिन छान, रंग मूळचा, किंमत आमच्या आवाक्यात. मी मनातल्या मनात आईला पुढच्या सीटवर बसवूनही टाकलं होतं. मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढायला सुरुवात केली. आपण ओढतो तसा छातीपर्यंत नाही. ओढतच राहिले, पार शेवटापर्यंत. पहिला हात-दोन हात पट्टा काळा होता. मग तो करडा झाला, आणि शेवटच्या वितीवर एक आडवी मातकट रेघ होती. मिस्त्रींनी तिथं अंगठा घासला. अंगठ्यावर पिठासारखा बारीक गाळ आला.

"हा पट्टा पोहून आलाय, सर."

सांगलीत राहणाऱ्याला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि गावभागातल्या आमच्या जिन्याच्या भिंतीवर तसलीच रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात उमटते. पुराची गाडी धुता येते, सीटकव्हर बदलता येतात, पण पट्ट्याचं भेंडोळं जिथं गुंडाळलेलं असतं तिथं कुणी हात घालत नाही. वायरिंग मात्र आतून सडत राहतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी कधी काच खाली जात नाही, कधी दिवे लागत नाहीत. त्या पोराचा चेहरा उतरला. त्यानं ती २०२१ मध्ये घेतली होती आणि त्याला कुणी पट्टा ओढून दाखवलाच नव्हता. आम्ही तिघंही थोडा वेळ त्या पट्ट्याकडे बघत उभे राहिलो. मग मिस्त्रींनी तो हळूच आत सोडला.

पुढच्या तीन-चार गाड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकीच्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता, सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांसारखा. मालक म्हणे कर्ज फिटलंय, फक्त कागद आणायचा राहिलाय. कागद आणा मग येतो म्हटलं. एकीचं ऑइलचं झाकण चालू इंजिनवर उघडलं तर आतून धुराचे फुस्कारे. "बॅक मारतंय," मिस्त्री म्हणाले, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं, आणि आम्ही चहा घेऊन परतलो.

मग विश्रामबागेतली ती गाडी. मालक पोस्टातून निवृत्त झालेले काका, वय ऐंशीच्या आसपास. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलानं किल्ली काढून घेतलेली. पोर्चमध्ये सुती कव्हराखाली राखाडी वॅगनआर, २०१२ चं पासिंग, मीटरवर ६१,३४०. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर तळवा ठेवला. गार होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधी गरम करून ठेवलेलं नव्हतं. एका सेलमध्ये इंजिन लागलं. झाकण उघडलं, धूर नाही. झाकणाच्या आतल्या अंगाला बोट फिरवलं, सायीसारखं काही नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नाही. पट्टा ओढला. शेवटपर्यंत काळा. मी श्वास सोडला.

काका स्वतःच दोष सांगायला लागले. डावा मागचा दरवाजा रंगवलाय, फाटकाला घासला होता. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो. एअरबॅग नाही, ते तेव्हा वरच्या मॉडेलात मिळायचं. ही शेवटची गोष्ट मला टोचली, अजूनही टोचते. सगळ्या नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ मध्ये, आणि आपलं बजेट त्याच्या आधीच्या सालांत अडकलेलं. त्याबद्दल मी स्वतःची कुठलीही समजूत घातलेली नाही. फक्त सत्तरच्या वर जात नाही.

टायरची नक्षी नवी कोरी दिसत होती. मिस्त्रींनी कडेच्या लंबगोलातले चार आकडे वाचले: २३१६. २०१६ सालचा तेविसावा आठवडा. "नऊ वर्षं झाली, रबर लाकूड झालंय." नख दाबलं तर रुतेना. "गाडी कमी पळाली की असं होतं. चारी बदला."

मग काकांनी कपाटातून एक वही आणली, शंभर पानी, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली. २०१२ पासूनचं प्रत्येक पेट्रोल तिच्यात होतं: तारीख, किलोमीटर, लिटर, दर, रुपये आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं अॅव्हरेज. मधूनच शेरे. "ज्योतिबा, घाटात दुसरा गिअर." "रिक्षाने उजवा आरसा मोडला, बोललो नाही." मिस्त्रींनी दोन पानं चाळली, वही मिटली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. इंजिन बघताना त्यांनी अशी मान हलवली नव्हती.

आकड्यावर आलो. काका १ लाख ९० म्हणाले, मी १ लाख ७० म्हणालो, आणि दोघंही छताकडे बघू लागलो. तेवढ्यात ते म्हणाले, "आधी फाटकातून रिव्हर्स काढून दाखवा."

फाटक अरुंद, पलीकडे गटार. काका काठी टेकून बाजूला उभे. मी घामाघूम होऊन, दोनदा पुढंमागं करून, गाडी रस्त्यावर काढली. त्यांनी जवळ येऊन खिडकीतून माझ्या पायांकडे पाहिलं. "क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही. ती सवय सोडा. घरी कोण कोण आहे?" मी सांगितलं. आईचे गुडघे सांगितले. "पुढं बसवा त्यांना. पुढची सीट मागं जाते पूर्ण." मग घरात गेले, काकूंशी काहीतरी बोलले आणि १ लाख ७८ हजारांवर बाहेर आले. मी इसार दिला. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना त्यांनी प्रत्येक सही आरसीशी ताडून पाहिली. पोस्टातला माणूस.

टायरचे १४ हजार, नावावर करायचे आणि विम्याचे मिळून ६. काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, ५० टक्के होता, पण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तो त्यांच्यापाशीच राहिला. हाती उरले २ हजार. त्यातून गणपतीच्या देवळापुढं नारळ, लिंबं, पेढे, आणि मिस्त्रींना शर्टपीस. त्यांनी नको नको म्हणत घेतला.

वही काकांनी गाडीबरोबरच दिली. पहिल्यांदा पेट्रोल भरायला गेलो तेव्हा आई पुढं बसली होती, सीट पूर्ण मागं, बाहेर ढग नसताना मांडीवर छत्री. मी वही काढली, काकांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, किलोमीटर लिहिले, ५०० रुपये लिहिले.

"अॅव्हरेज किती पडलं?" मागून बायकोनं विचारलं.

अॅव्हरेज काढायला टाकी फुल करावी लागते, पुन्हा फुल होईपर्यंत चालवावी लागते. मी लाल पेन खिशात ठेवलं. म्हटलं, एक तारखेनंतर सांगतो.