न्यूअर्क ते कोल्हापूर: पहिल्या सकाळी रंकाळा नको

न्यूअर्क-मुंबई थेट विमान साधारण 14-15 तासांचं. पुढे पुणे, सातारा, कराड करत कोल्हापूर सुमारे 380 किलोमीटर, गाडीनं आठेक तास. विमान रात्री उतरलं तर दारात पोहोचेपर्यंत सकाळचे 8 वाजतात. न्यूयॉर्कला तेव्हा आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात (उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहाचा). घरी पोहे आणि पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, नेमकं तेव्हाच शरीर अंथरूण मागतं.

गाडीत झोप काढू, हा हिशेब चुकतो. पहाटे 3 वाजता गाडी पुण्याच्या आसपास असते, पण शरीराला अजून संध्याकाळचे साडेपाचच वाटत असतात. डोळा लागत नाही. तरी गाडी स्वतः चालवू नये. डुलकी अचानक येते, शिवाय उजव्या बाजूनं चालवायची सवय लागलेली असते.

‘सकाळचं ऊन घ्या’ हा सल्ला घरोघरी मिळतो. अमेरिकेहून आलेल्याला तो पहिले काही दिवस उलटा पडतो. शरीराचं तापमान रोजच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी, म्हणजे पहाटे 4 च्या सुमारास सर्वांत कमी असतं. त्यानंतर मिळालेला उजेड शरीराचं घड्याळ पुढे ओढतो, त्याआधीचा मागे ढकलतो. अमेरिकेहून आल्यावर ते पुढे न्यायचं असतं. न्यूयॉर्कचे पहाटेचे 4 म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड. सकाळी 7 ला रंकाळ्यावर फेरी मारली तर शरीर ती रात्रीच्या साडेनऊची समजतं आणि घड्याळ नको त्या दिशेला सरकतं. लंडनहून आलेल्याचा हाच बिंदू इथे साडेआठला (हिवाळ्यात साडेनऊला) येतो, त्याला त्यानंतरचं ऊन चालतं.

म्हणून पहिल्या दिवशी पडदे ओढून 9 ते साडेबारा झोपावं, गजर लावून. चार वाजेपर्यंत झोपलात तर रात्र गेलीच. बाहेर पडायचं ते दुपारी 2 नंतर. सकाळी पडावंच लागलं तर काळा चष्मा. रोज ही वेळ तासभर अलीकडे आणायची. सातव्या-आठव्या दिवशी सकाळचा रंकाळा मोकळा. फरक साडेदहाचा असेल तेव्हा सुरुवात 3 ला करावी.

कॉफी दुपारी 3 नंतर बंद, कारण निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं. तांबडा-पांढरा पहिले दोन दिवस दुपारी ओरपू नये. दुपारी 1 म्हणजे पोटाची उत्तररात्र, तिखट-तेलकट पेलत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूधही नको, न उकळलेल्या दुधात जंतू असू शकतात.

रात्री 10 ला आडवं व्हा. 2-3 वाजता जाग येणारच, भूकही खरी असते. थोडा दहीभात किंवा केळं खावं, पण ट्यूब न लावता झिरोच्या बल्बवर. मोबाइल लांब. मेलाटोनिन (झोपेच्या संप्रेरकाची गोळी) घ्यायचं तर अर्धा ते 3 मिलिग्रॅम, झोपण्याआधी. रक्त पातळ करण्याच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसच्या वेळा निघण्याआधीच ठरवून घ्याव्यात.

परत जाताना घड्याळ मागे न्यायचं असतं, ते तुलनेनं सोपं. तिथे संध्याकाळचं ऊन घेऊन 9-10 पर्यंत जागावं. फक्त कोल्हापुरातून रात्रीच्या बसनं मुंबई गाठून लगेच विमान धरू नये; एक दिवस आधी निघावं.