चाळिशीतला जॉर्डन

"मायकेल जॉर्डनने 1998 लाच थांबायला हवं होतं, नाही का?" बास्केटबॉलचा विषय निघाला की कुणी ना कुणी मला हे विचारतंच. शिकागो बुल्सचं सहावं विजेतेपद, युटामधला शेवटच्या सेकंदांतला तो विजयी शॉट, आणि तिथेच पडदा. किती छान झालं असतं! त्याऐवजी तो 2001 मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सकडून पुन्हा उतरला, दोन मोसम खेळला, आणि दोन्ही वेळा संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंतसुद्धा पोचला नाही.

तरी तो आला ते उत्तम झालं, असंच मी म्हणेन.

27 डिसेंबर 2001 ला इंडियानाविरुद्ध त्याचे फक्त 6 पॉइंट झाले. सलग 866 मॅच त्याने दोन आकडी पॉइंट केले होते, तो सिलसिला त्या रात्री तुटला. वय 38, गुडघा कुरकुरतोय. म्हातारा संपला म्हणायला लोकांना आणखी काय हवं? दोनच दिवसांनी समोर शार्लट हॉर्नेट्स. पहिल्याच क्वार्टरमध्ये 24 पॉइंट, मॅच संपली तेव्हा 51! पूर्वीसारखं हवेत तरंगणं आता नव्हतं. बास्केटकडे पाठ करून बॉल घ्यायचा, खांद्याची हूल द्यायची, डिफेंडर हलला की उलट बाजूला वळून मागे झुकत उडी मारायची. उडी बेताचीच, पण समोरचा अर्धा क्षण उशिरा उडणार हे याला आधीच ठाऊक. हा जॉर्डन मला बुल्सच्या जॉर्डनइतकाच प्रिय आहे.

या जिद्दीची झळ इतरांनाही बसली, हे खरं. शाळेतून थेट एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये आलेला क्वामी ब्राउन त्याच संघात होता, आणि त्या कोवळ्या पोराशी जॉर्डन फार कठोर वागला. ते मला आजही पटत नाही.

पण तरण्या खेळाडूंनी म्हाताऱ्याला खरा मान कसा द्यायचा, तेही त्याच काळात दिसलं. 2003 ची ऑल-स्टार मॅच आठवा, लीगमधल्या निवडक खेळाडूंची ईस्ट विरुद्ध वेस्ट अशी. विन्स कार्टरने सुरुवातीच्या पाचांतली आपली जागा जॉर्डनला दिली. ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, पाचेक सेकंद उरलेले असताना जॉर्डनने वेस्टच्या शॉन मॅरियनच्या हातांवरून बॉल टाकला, त्याचा ईस्ट दोनने पुढे. सगळ्यांना वाटलं, निरोप ठरला. पण वेस्टच्या 24 वर्षांच्या कोबी ब्रायंटवर फाउल झाला आणि त्याने तीनपैकी दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट) टाकून बरोबरी साधली. पुढच्या ओव्हरटाइममध्ये वेस्ट जिंकला. कोबीने मुद्दाम चुकवले असते तर जॉर्डनचा तो अपमान झाला असता, आणि तो त्याने कधीच गिळला नसता.

आठवडाभराने त्याला चाळीस पूर्ण झाली. 21 फेब्रुवारीला न्यू जर्सी नेट्सविरुद्ध त्याने 43 पॉइंट केले. चाळिशीतल्या खेळाडूने एका मॅचमध्ये चाळिशी गाठण्याची एनबीएमधली ती पहिलीच वेळ. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर तो त्या मोसमात 82 च्या 82 मॅच खेळला.