कार्नाड ‘कोरडे’ वाटतात, तेव्हा आपण काय पाहत असतो?

नाटककार, नट आणि दिग्दर्शक गिरीश कार्नाडांचा विषय निघाला की ‘माणूस विद्वान, पण नट कोरडा’ हे वाक्य कुणीतरी टाकतंच. उदाहरणही ठरलेलं असतं: ‘उंबरठा’ या मराठी सिनेमातला सुभाष महाजन. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. ते एकाच भाषेतल्या एकाच भूमिकेवरून बेतलेलं आहे, आणि ती भूमिका मुळात थंड माणसाची आहे.

ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-पंधरा जण जमून कार्नाडांचे चार-पाच सिनेमे ओळीने पाहणार असतील, तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर कार्नाडांच्या अभिनयाबद्दल एकच ओळ लिहायची आणि ती पाकिटात बंद करून ठेवायची. मग सिनेमे सुरू करावेत.

कार्नाडांची घरची भाषा कोंकणी. जन्म १९३८ चा, माथेरानचा. ठाण्याहून कर्जत लोकल पकडून नेरळला उतरलं की वर चढायचं, इतकं ते गाव आपल्या जवळचं आहे. बालपण सिरसीत आणि धारवाडात गेलं, पदवी गणित-संख्याशास्त्राची, पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. नाटकं मात्र लिहिली कन्नडमध्ये. ‘तुघलक’ मराठीत आणलं विजय तेंडुलकरांनी, ‘हयवदन’ चिं. त्र्यं. खानोलकरांनी. त्यामुळे मराठी नाट्यरसिकाला नाटककार कार्नाड थेट मराठीतच भेटले आणि ‘आपले’ वाटले. पडद्यावरचे कार्नाड त्याला तुकड्यातुकड्यांत भेटले. कन्नड प्रेक्षकाचे कार्नाड वेगळे, हिंदीवाल्याचे वेगळे. ज्याने त्याने आपल्या वाट्याच्या तुकड्यावर निकाल दिला.

म्हणून पाहताना वहीत पाच रकाने आखून घ्यावेत: आवाज, अभिनय, भूमिका, पटकथा, दिग्दर्शन. सिनेमा संपल्यावर मनात आलेली प्रत्येक तक्रार यातल्या एकाच रकान्यात टाकायची. ‘कोरडा’ हा शब्द कुठे जातो ते बघा. बहुतेक वेळा तो आवाजाच्या नाहीतर भूमिकेच्या रकान्यात जाऊन पडतो, आणि आपण त्याचं बिल अभिनयाच्या नावावर फाडत असतो.

सुरुवात ‘संस्कार’पासून करावी (१९७०, दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी). यू. आर. अनंतमूर्तींची कादंबरी, पटकथा कार्नाडांची आणि मुख्य भूमिकेतले प्राणेशाचार्यही तेच. माध्व ब्राह्मणांच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, आचारभ्रष्ट नारणप्पा मरतो आणि त्याचे अंत्यसंस्कार कुणी करायचे यावर सगळं गाव अडून बसतं. सेन्सॉरने आधी सिनेमा अडवला. पुढे याच सिनेमाने कन्नडला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवून दिलं. पुष्कळ ठिकाणी ‘संस्कार’बद्दल एवढंच लिहिलेलं सापडतं: बंदी आणि बक्षीस. ही परीक्षणाची पळवाट आहे. पाहायचं ते प्राणेशाचार्याचं शरीर. शास्त्राचा आधार असतो तोवरची त्याची चाल, आणि तो आधार सुटल्यावरची. हा नट कोरडा असता तर सिनेमाचा दुसरा अर्धा भाग उभाच राहिला नसता.

नंतर श्याम बेनेगलांचे दोन: ‘निशांत’ (१९७५) आणि ‘मंथन’ (१९७६). दोन्हींत कार्नाड गावात बाहेरून आलेला माणूस आहेत, एकीकडे शाळामास्तर, दुसरीकडे दूध सहकारी संस्था उभी करायला आलेला डॉ. राव. हिंदी प्रेक्षकाला त्यांच्या हिंदीत दक्षिणेकडची छटा ऐकू येते. त्याला खोट मानणाऱ्यांनी ‘मंथन’चा पहिलाच प्रसंग पुन्हा पाहावा. गाडी येते, डॉ. राव उतरतात, फलाटावर स्वागताला कुणी नाही. स्वागतवाले धावतपळत येतात आणि गाडी वेळेवर आली म्हणून माफी मागतात. त्या क्षणापासून हा माणूस या गावचा नाही, हे दिग्दर्शकाला ठसवायचं आहे. परकेपणा आवाजातच असेल तर निम्मं काम तिथेच झालं. पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून निघालेल्या या सिनेमात शुद्ध उत्तर भारतीय हिंदी बोलणारा राव खोटा वाटला असता. राव हे आडनावच काय ते सांगतं.

आता ‘उंबरठा’ (१९८२). जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, शांता निसळांची कादंबरी, आणि सुलभाच्या भूमिकेत स्मिता पाटील. इथे सगळ्यांचं लक्ष सुलभेवर असतं, ते योग्यच आहे. पण त्यामुळे सुभाषचं परीक्षण ‘वाईट नवरा’ एवढ्यावर आटोपतं. खरं तर तो वाईट नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. तो शिकलेला वकील आहे, सुसंस्कृत आहे, बायकोला महिला सुधारगृहाच्या नोकरीसाठी जाऊ देतो. सुलभा परत येते तेव्हा दुसऱ्या स्त्रीशी जुळलेले संबंध तो तिला स्वतःहून सांगतो, आणि ते तोडायचा आपला विचार नाही हेही सांगतो. या प्रसंगात आवाज चढला असता तर प्रेक्षकाची सुटका झाली असती: खलनायक सापडला, संपलं. कार्नाड ती सुटका देत नाहीत. एखादी कामाची गोष्ट सांगावी तसा तो बोलतो, आणि म्हणूनच सुलभेला त्या घरात उभं राहायला जागा उरत नाही. हा कोरडेपणा मोजून वापरलेला आहे.

याच सिनेमाची हिंदी आवृत्ती ‘सुबह’. दोन्ही मिळाल्या तर अख्खे सिनेमे लागोपाठ पाहू नका, डोकं शिणतं. हाच एक प्रसंग आधी मराठीत, मग हिंदीत लावा. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त चेहरा बघा, दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. वाक्यं कुठे तुटतात, श्वास कुठे घेतला जातो, याची नोंद करा. मराठीत जे खटकलं ते हिंदीत नाहीसं झालं, तर तक्रार आवाजाच्या रकान्यात जाते. दोन्हीकडे तेच खटकलं तर ती भूमिकेची किंवा अभिनयाची, आणि मग वाद घालायला खरा मुद्दा हाताशी येतो.

दिग्दर्शक कार्नाडांकडे मराठीत फारसं कुणी वळत नाही. ब. व. कारंतांबरोबरच्या ‘वंशवृक्ष’ला दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यात विधवा कात्यायनीच्या पुनर्विवाहाचा पेच आहे, आणि कार्नाडांची स्वतःची आई तरुणपणीच विधवा झाली होती, तिने पुनर्विवाह केला होता, हे ठाऊक असेल तर तो सिनेमा निराळाच दिसतो. ‘काडू’ (१९७३) गोविंद निहलानींच्या छायाचित्रणासाठीही पाहण्यासारखा आहे. ‘ओंदानोंदु कालदल्ली’ (१९७८) वर जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा शिक्का मारून लोक पुढे जातात. प्रभाव उघड आहे. तो मान्य करून मग त्यातला नट शंकर नागच्या चेहऱ्याकडे बघावं.

मला जास्त बोलायचंय ते शूद्रकाच्या संस्कृत ‘मृच्छकटिक’ नाटकावर बेतलेल्या ‘उत्सव’ (१९८४) बद्दल. हिंदीत तो रेखाचा सिनेमा ठरला, आणि तिकीटबारीवर पडल्यामुळे चर्चाही तिथेच थांबली. मराठी प्रेक्षकाची चूक वेगळी होते. त्याच्या कानात देवलांचं ‘संगीत मृच्छकटिक’ असतं, त्यामुळे नायक चारुदत्ताचा औदार्याचा पुतळाच त्याला हवा असतो. कार्नाडांनी शूद्रकाला भासाच्या ‘चारुदत्ता’ची जोड दिली आणि सूत्रधार म्हणून चक्क ‘कामसूत्र’कार वात्स्यायन आणला, अमजद खानच्या रूपात. खरा बदल शेवटी आहे. शूद्रकाकडे गणिका वसंतसेनेला कुलवधूचा मान मिळतो. इथे ती आपल्या घरी परतते आणि दारात आलेल्या संस्थानकाला, म्हणजे राजाचा मेहुणा असलेल्या खलनायक शकाराला, आत घेते. हा शेवट पटो न पटो, दिग्दर्शकाचं मत इथे आहे, आणि परीक्षण इथूनच सुरू व्हायला हवं. चर्चेआधी मूळ नाटकाचा दहावा अंक मराठी भाषांतरात वाचून यावं. पाऊण तासात होतो. तो न वाचता बसलं की गप्पा दागिने आणि गाण्यांपलीकडे सरकत नाहीत.

तयारीतली एक अडचण आधीच सांगते. जुन्या कन्नड सिनेमांच्या प्रतींवर उपशीर्षकं पुष्कळदा दृश्याच्या मागे-पुढे धावतात. दोन-तीन सेकंदांचा फरक असला तरी नट उशिरा प्रतिक्रिया देतोय असं वाटतं, आणि ‘कोरडा’ हा शब्द पुन्हा हजर होतो. म्हणून आदल्या दिवशी सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन ठिकाणचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे तपासा. संगणकावरच्या बहुतेक प्लेअरमध्ये उपशीर्षकं मागे-पुढे सरकवता येतात. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर एकदा सरकवून भागतं. वाढत जात असेल तर दुसरी प्रत शोधा.

सिनेमांच्या जोडीला कार्नाडांचं आत्मचरित्र, उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं ‘खेळता खेळता आयुष्य’, जरूर वाचावं. पण सिनेमे पाहून झाल्यावर. आधी वाचलं तर प्रत्येक भूमिकेत लेखकच दिसायला लागतो.

शेवटच्या बैठकीला ‘उंबरठा’तला तोच प्रसंग पुन्हा लावा, मग पाकिटं उघडा. चिठ्ठीवरच्या ओळीसमोर ती पाचपैकी कुठल्या रकान्याची होती, एवढंच प्रत्येकाने लिहायचं.