वर ठेवलीस का पुस्तकं?

२२ जुलै २०२५, मंगळवार

सकाळपासून आमच्या पुस्तकं वाचणाऱ्यांच्या ग्रूपवर एकच प्रश्न चाललाय. आधी बेळगावच्या सरांनी विचारलं, मग नागपूरच्या काकूंनी, मग एकामागोमाग सगळ्यांनी, "वर ठेवलीस का पुस्तकं?" शेवटी माळ्यावरचा फोटोच टाकला. प्लॅस्टिकच्या सात क्रेट, प्रत्येकीत तळाला कडुनिंबाचा पाला, वर ताडपत्री घट्ट बांधलेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, भरणी झाली की लगेच पुस्तकं वर जातात आणि गणपतीच्या साफसफाईला खाली येतात, मधल्या काळात वाचायला चालू असलेली दोन-तीन तेवढी उशाशी. फोटो गेल्यावर सगळ्यांचे अंगठे आले, सरांनी "आता झोप लागेल" असं लिहिलं, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले थोडी. दरवर्षी होतं असं ह्या तारखेला.

चिपळूणच्या माणसाला २२ जुलै काय ते सांगावं लागत नाही. २०२१ साली आदल्या दिवसापासून पाऊस असा लागला होता की पागोळ्यांची धार तुटतच नव्हती, आणि तरी आम्ही निवांत, कारण २६ जुलै २००५ चा पूर आमच्या मनात माप म्हणून बसलेला. तेव्हा पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं त्याची खूण सासूबाईंनी मुद्दाम ठेवली होती, म्हणजे त्याच्या वर काही यायचं नाही असं आम्ही धरूनच चाललेलो, म्हणून पुस्तकांचं कपाट त्या खुणेच्या वर हातभर उंचीवर ठोकून घेतलेलं. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही एकदम चढल्या आणि पहाटे जाग आली तेव्हा पलंगाखालून चपला तरंगत होत्या. खूण कधी बुडाली ते बघायला वेळच नाही मिळाला. हे आणि मी सासूबाईंना धरून वरच्या बिऱ्हाडात गेलो आणि दीड दिवस तिथेच होतो, लाईट नाही, नेटवर्क नाही, जिन्याच्या सातव्या पायरीवर तपकिरी पाणी.

पाणी उतरल्यावर सगळ्यांना वाटतं पुस्तकं वाहून गेली असतील. नाही जात. पुस्तकं फुगतात. कपाटात शेजारी शेजारी उभी असतात ना, ती पाणी पिऊन अशी फुगतात की एकमेकांत घट्ट अडकून बसतात, एकही ओढून निघत नाही. ह्यांनी पहारीने कपाटाची बाजू तोडली तेव्हा सगळी रांग एका ठोकळ्यासारखी खाली आली. जुन्या जाड कागदाच्या पुस्तकांची पानं निदान सुटी होत होती, पण गुळगुळीत कागदाची, फोटोंची पुस्तकं म्हणजे आतून नुसती वीट. आणि तो वास, गाळ, रॉकेल आणि कुजल्यासारखं काहीतरी. जानेवारी २०१३ मध्ये साहित्य संमेलन आमच्या गावात झालं होतं, ८६ वं, तेव्हा तीन दिवस मी रोज स्टॉलवर जाऊन साठवलेल्या पैशांतून पुस्तकं घेतली होती, ती सगळी त्या ठोकळ्यात. पानं सोडवून बघितली, टाल्कम पावडर टाकून बघितली, वर्तमानपत्रात गुंडाळून बघितली, चौथ्या दिवशी हिरवी-काळी बुरशी धरली. मग घमेल्यात भरून रस्त्यावरच्या ढिगावर टाकली, फ्रीज, गाद्या, शेजाऱ्यांच्या पोराची सायकल ह्यांच्याबरोबर. जवळचंच एक माणूस म्हणालं, पुस्तकंच ना, माणसं वाचली हे महत्त्वाचं. खरंच होतं ते. पण मला ते वाक्य अजून लागतं.

घरच्या पुस्तकांसाठी रडले नव्हते, कामच इतकं होतं. रडू आलं ते वाचन मंदिरापाशी. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ पासूनचं. माझं माहेर गावातलंच, पाचवीत असताना बाबांनी तिथे माझं नाव घातलं होतं. तिथली पुस्तकं चिखलात बघितली आणि पाय हलेना.

ग्रूप तेव्हा सव्वा वर्षाचा होता. एप्रिल २०२० मध्ये सगळं बंद असताना माझ्या एका जुन्या मैत्रिणीने मला त्यात अ‍ॅड केलं होतं, आम्ही अठरा जणं, त्यातली मला ओळखीची ती एकटी. नियम सोपे: गुड मॉर्निंग नाही, फॉरवर्ड नाही, राजकारण नाही, महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी मिळून वाचायचं आणि रविवारी रात्री नऊ वाजता बोलायचं. पहिलं पुस्तक ठरलं 'बनगरवाडी', कारण लहान आहे आणि बऱ्याच जणांच्या घरात होतं. त्यात शेवटी दुष्काळाने माणसं गाव सोडून जातात ते आम्ही वाचत होतो मे महिन्यात, आणि टीव्हीवर माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन हायवेने चालत निघालेली. त्या रविवारी साडेनऊला संपायचं बोलणं दीड वाजेपर्यंत चाललं. अंबाजोगाईची ताई पहिल्यांदा बोलली, तोपर्यंत ती नुसती वाचायची सगळ्यांचं. तिने तिच्या वडिलांचं सांगितलं, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे ते. काय जेवण मिळायचं, हाताला फोड कसे यायचे. कुणी मध्ये बोललं नाही. मला वाटतं ग्रूपची मैत्री त्या रात्री झाली, त्याआधी आम्ही फक्त एका यादीतले नंबर होतो.

भांडणंही झाली. सगळ्यात मोठं झालं पीडीएफवरून. एकाने नव्या पुस्तकाची पीडीएफ टाकली, बिचाऱ्याने चांगल्या मनानेच टाकली होती, गावात पुस्तकाचं दुकान नाही म्हणून. त्यावर काकू असल्या कडाडल्या! लेखकाने पाच-पाच वर्षं घालायची, प्रकाशकाने हजार प्रती काढून त्या विकल्या जातील का म्हणून वाट बघायची, आणि आपण वाचणारी माणसंच अशी चोरी करणार? दोघं तिघं ग्रूप सोडून गेले. मी काकूंच्याच बाजूची होते आणि आजही आहे, पण दुकान नाही हे त्या माणसाचं दुःखही खरं होतं. त्यावर बेळगावच्या सरांनीच तोड काढली, ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याने वाचून झालं की पोस्टाने पुढच्याला पाठवायचं. एक प्रत सात घरं फिरून यायची.

तर पुराच्या वेळी नेटवर्क आलं तिसऱ्या दिवशी. फोन वरच्यांच्या इन्व्हर्टरवर चार्ज केला आणि उघडला तर ग्रूपवर सातशेच्या वर मेसेज. कोण कुणाला विचारतंय, चिपळूणची ताई कुठे राहते, नक्की कुठल्या बाजूला, कुणाकडे पत्ता आहे का. आणि कुणाकडेच नव्हता, कारण पुस्तकं मी नेहमी ह्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवायची. सावर्ड्याचा दादा ग्रूपवर फारसा बोलायचा नाही, तो त्याच दिवशी मोटारसायकलवर पाण्याचे कॅन आणि पाव आणि मेणबत्त्या घेऊन चिखलातून विचारत विचारत आला. मी दारात खराट्याने गाळ काढत होते, साडी गुडघ्यापर्यंत वर, केसात चिखल. समोर एक अनोळखी माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "बनगरवाडीवर लिहिलं होतंत त्या ताई तुम्हीच ना?"

असं मला आधी कुणी ओळखलं नव्हतं. मी कुणाची सून, कुणाची आई, कुठल्या दुकानाच्या मागच्या गल्लीतली अशी ओळख सगळीकडे. हा माणूस मला मी वाचलेल्या पुस्तकावरून शोधत आला होता.

पुढच्या महिन्यात पार्सलं यायला लागली. सावर्ड्याला, दादाच्या पत्त्यावर, कारण आमच्या गल्लीत तेव्हा काहीच धड पोचत नव्हतं. मी कुणाला काही मागितलं नव्हतं. मला वाटलं नवी पुस्तकं घेऊन पाठवतील एखाद दुसरं. पण प्रत्येकाने स्वतःच्या कपाटातलं पाठवलं, आपलं वाचलेलं, जपलेलं. एकूण एक्केचाळीस. काकूंचं 'स्मृतिचित्रे' आलं ते कापडी बांधणीचं, त्यांच्या आईचं. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात आईंच्या नोंदी, कुठे "हो", कुठे "अगदी हेच", एका ठिकाणी नुसतीच उभी रेघ, जोरात ओढलेली, कागदाला वळ पडलाय. आणि एका पानाच्या तळाला काकूंचं स्वतःचं अक्षर, त्या आईनंतर वाचताना लिहिलेलं, "आई, इथे तू का थांबलीस?" शेवटच्या कोऱ्या पानावर वाण्याची यादी, साबुदाणा, पोहे, गूळ अर्धा किलो. पहिल्या पानावर नवीन शाईने मला लिहिलं होतं, वाचून परत पाठवायचं नाही.

मी ते पुस्तक चार वेळा वाचलंय. लक्ष्मीबाई टिळकांचं तर वाचतेच, पण त्या दोघी मायलेकी कुठे कुठे थांबल्या तेही वाचते, आणि आता माझीही पेन्सिल त्यात आहे. अंबाजोगाईच्या ताईच्या पुस्तकात एसटीचं तिकीट निघालं, सरांच्या पुस्तकात त्यांच्या विद्यार्थ्याने दिलेलं पिंपळाचं जाळीदार पान. माझं आधीचं कपाट माझ्या आवडीचं होतं. आताचं कपाट म्हणजे ह्या सगळ्यांच्या घरातला एकेक कोपरा आहे, काही पुस्तकं तर मी दुकानात बघितली असती तर घेतलीच नसती, आणि त्यातलीच दोन आज माझी सगळ्यात आवडती.

ही सगळी ये-जा पोस्टाच्या जिवावर होती. रजिस्टर्ड बुक पोस्ट म्हणून पुस्तकांसाठी वेगळा स्वस्त दर होता, पाच किलोपर्यंत, रजिस्टर असल्यामुळे हरवायची भीती कमी. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद केलं. पोस्टात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आता तो ऑप्शनच येत नाही मॅडम सिस्टिमला. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. एकदा खाजगी कुरिअरने पाठवून बघितलं तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा पाठवायचे पैसे जास्त, आणि पार्सल पोचलंच नाही, तक्रार केली तर नुसते टोल फ्री नंबर फिरवत बसायचं. आता कोण कुठे जाणार असेल तर त्याच्याबरोबर पाठवतो, लग्नाला, बारशाला, दवाखान्याला. मागच्या महिन्यात एक पुस्तक इंदूरहून पुण्यापर्यंत कुणाच्या तरी मामेभावाच्या बॅगेतून आलं.

सगळे एकत्र भेटलो ते त्याच डिसेंबरात, पुण्याला फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव होता तेव्हा. अकरा जण आलो. चार वर्षं रात्री दीड दीडपर्यंत बोललेली माणसं आणि समोर उभी राहिल्यावर पहिली पाच मिनिटं कुणाला बोलताच येईना, प्रवास कसा झाला, चहा घेणार का, एवढंच. मग काकूंनी पर्समधून एक पुस्तक काढलं आणि सरांना म्हणाल्या, "ह्यातलं ते तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही." झालं, त्यानंतर संध्याकाळी सिक्युरिटीवाला उठवायला येईपर्यंत आम्ही मैदानाच्या कडेला बसलेलो.

तेव्हाच कळलं काकूंच्या डोळ्याचं. पुस्तक त्या डोळ्याच्या अगदी जवळ, तिरकं धरत होत्या. पडद्याचा आजार आहे, मधलंच दिसत नाही, कडेचं दिसतं, आणि मधलं दिसल्याशिवाय अक्षर कसं लागणार. त्यांनी स्वतः काही सांगितलं नाही, त्यांच्या सुनेने बाजूला घेऊन सांगितलं. परत येताना एसटीत मी आणि अंबाजोगाईची ताई फोनवर बोलत होतो आणि स्वारगेट सुटायच्या आत ठरलं, वाचून पाठवायचं. रोज एकाने, एक प्रकरण, व्हॉइस मेसेजमध्ये. जानेवारीपासून एक दिवस चुकलेला नाही. ताईचं बोलणं मराठवाडी, सरांचं बेळगावी, संवाद आला की सूर एकदम कानडीकडे जातो, दादा तर ग्रूपवर बोलायचा नाही पण वाचतो असा की ऐकत राहावं, स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो त्याचा. खरं तर काकूंसाठी सुरू केलं पण रात्री भांडी घासताना मीही तेच ऐकते. काकू दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर पाठवतात, कुठलं वाक्य परत ऐकलं ते सांगतात, उच्चार चुकला असेल तर तेही सांगतात.

आज माझी पाळी आहे. 'स्मृतिचित्रे'च चालू आहे, काकूंच्या आईच्याच प्रतीतून वाचतेय, आणि समासात जिथे आईंची नोंद येते तिथे थांबून तीही वाचून दाखवायची असं काकूंनी सांगून ठेवलंय. आज ती जोरात ओढलेली रेघ असलेलं पान आहे. रेघ कशी वाचून दाखवायची ते मला कळत नाहीये. संध्याकाळी काकूंना फोन करून विचारलं तर म्हणाल्या, "काही बोलू नकोस, तेवढा वेळ थांब फक्त."

पत्र्यावर पाऊस आहे, रेकॉर्डिंगमध्ये येणार. लाईट दोनदा जाऊन आलेत, तेवढ्यात करून घेते.